एका रस्त्याने भागत नाही

सकाळी शाळेला निघालेल्या मुलाला रस्ता कसा दिसतो, हे मोठ्या माणसांच्या सहसा लक्षात येत नाही. घरापासून गल्लीच्या तोंडापर्यंत तो निर्धास्त चालतो. पुढे मोठा रस्ता लागतो. पदपथावर कोणी तरी दुचाकी उभी केलेली असते, म्हणून तो खाली उतरतो. मागून ट्रक येतो. शाळा एक किलोमीटर दूर असली, तरी भीती वाटते ती मधल्या ५० पावलांची. पण त्या ५० पावलांमुळे आईवडील मुलाला सायकल घेऊन देत नाहीत.

ही ५० पावले सुरक्षित कशी करायची, याचा विचार एका छोट्या शहराने फार बारकाईने केला. ते शहर म्हणजे युरोपातील नेदरलँड्स या देशातील डेल्फ्ट.

नेदरलँड्समध्ये आज माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. तेथील लोक पहिल्यापासून असेच सुखाने सायकल चालवत आले असतील, असे आपल्याला वाटते. तसे नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांच्या हाती पैसा आला आणि मोटारी झपाट्याने वाढल्या. त्यांच्यासाठी रस्ते रुंद केले गेले. सायकलवाला कडेला ढकलला गेला. १९७१ या एका वर्षात तेथे रस्त्यांवरील अपघातांत ३,००० हून अधिक माणसे मरण पावली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. एका पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी सायकलवरून शाळेला जात असताना मोटारीखाली सापडली. त्या बापाने पुढच्या वर्षी वर्तमानपत्रात लेख लिहिला. लेखाचे नाव होते 'मुलांची हत्या थांबवा'. या नावाने पुढे मोठी चळवळ उभी राहिली. आईबाप आणि मुले रस्त्यावर उतरली. १९७३ साली तेलाची टंचाई झाली, तेव्हा सरकारने काही रविवारी मोटारी बंदच ठेवल्या. मोकळ्या रस्त्यावर चालण्यात काय सुख असते, ते लोकांनी त्या दिवसांत अनुभवले.

आता प्रश्न पैशाचा होता. रस्ते नगरपालिकेचे, पण नगरपालिकेची तिजोरी लहान. पाणी, दिवे, गटारे यांतच तिचा पैसा संपतो. अशा वेळी ती सरकारकडे अनुदान मागते. अनुदान म्हणजे परत न करावी लागणारी मदत. मात्र ते नुसत्या अर्जावर मिळत नाही. पैसा कोठे खर्च होणार, त्याचा किती लोकांना उपयोग होणार, हे नकाशा आणि आकडे देऊन पटवावे लागते.

तेथील सरकारने प्रथम हेग आणि टिलबर्ग या दोन शहरांना पैसा दिला. दोन्ही ठिकाणी शहरातून जाणारा एकेक लांब, देखणा सायकलमार्ग १९७०-८० या दशकात तयार झाला. हेगमधील काही दुकानदार मात्र चिडले. दारात मोटार उभी राहिली नाही, तर गिऱ्हाईक येणार कसे, असे त्यांचे म्हणणे होते. (दुकानदारांची ही काळजी सगळ्या जगात सारखीच दिसते.) पुढे पाहणी झाली. नव्या मार्गावर सायकली पुष्कळ दिसत होत्या. पण त्यांपैकी बऱ्याच शेजारच्या रस्त्यांवरून तेथे आल्या होत्या. घरी सायकल ठेवून बसलेली माणसे बाहेर पडली आहेत, असे फारसे दिसले नाही.

असे का झाले? कारण मार्ग सुरेख असला, तरी तो घराच्या दारापासून निघत नव्हता आणि शाळेच्या दारापर्यंत पोहोचत नव्हता. मधली ५० पावले तशीच राहिली होती.

डेल्फ्टने नेमके हेच हेरले. हे निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले, कालव्यांचे जुने गाव. तेथील एका वस्तीत लोकांनी आधीच एक प्रयोग केला होता. गल्लीत झाडे, बाके आणि वळणे अशी ठेवायची, की मोटारीला माणसाच्या चालीने चालावे लागेल. अशा गल्लीला त्यांच्या भाषेत जे नाव आहे, त्याचा अर्थ 'राहण्याचे अंगण' असा होतो. १९७६ मध्ये या अंगणांना देशाच्या कायद्यात स्थान मिळाले.

डेल्फ्टच्या नगरपालिकेने १९७९ मध्ये साऱ्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. एक मोठा मार्ग बांधून काय होते, ते दिसले आहे. आता सबंध शहराचे जाळे विणून काय होते ते पाहू, असा त्यामागचा विचार होता. सरकारला तो पटला आणि अनुदान मिळाले.

या जाळ्याचे तीन थर होते. पहिला थर शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्या मोठ्या मार्गांचा. असे दोन मार्ग एकमेकांपासून साधारण ५०० मीटर अंतरावर. दुसरा थर वस्तीला शाळा, बाजार आणि मोठ्या मार्गांशी जोडणारा. त्याचे अंतर २०० ते ३०० मीटर. तिसरा थर अगदी गल्लीबोळांतला, सुमारे १०० मीटरचा. लहान मूल एकटे सायकल चालवते ते याच तिसऱ्या थरात, म्हणून मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सगळीकडे नवे रस्ते बांधावे लागले नाहीत. बहुतेक रस्ते होतेच, फक्त ते मध्ये कोठे तरी तुटले होते. कोठे कालवा आडवा, कोठे रेल्वेचा रूळ, कोठे एकेरी वाहतुकीची पाटी. कालव्यावर सायकलींपुरता छोटा पूल टाकला, काही ठिकाणी बोगदा केला, एकेरी रस्त्यावर सायकलींना दोन्ही बाजूंनी जाण्याची मोकळीक दिली.

१९८२ पासून सुमारे पाच वर्षे काम चालले. पूर्वी डेल्फ्टमध्ये १०० पैकी ४० फेऱ्या सायकलने होत, त्या ४३ झाल्या. वाढ तीनचीच, हे खरे. पण जेथे आधीच इतके लोक सायकलवर होते, तेथे ती थोडी नव्हे. शिवाय लोक पूर्वीपेक्षा लांबच्या कामालाही सायकलने जाऊ लागले.

आपल्या पुण्यालाही एके काळी सायकलींचे शहर म्हणत. केंद्र सरकारने डिसेंबर २००५ मध्ये शहरांच्या सुधारणेसाठी मोठी योजना सुरू केली. तीत पुण्याच्या कामांना निम्मे पैसे केंद्राचे, २० टक्के राज्याचे आणि उरलेले महानगरपालिकेचे, अशी विभागणी होती. त्या काळात बसगाड्यांच्या स्वतंत्र मार्गांलगत सायकलींसाठी पट्टे तयार झाले. पण कोठे झाड, कोठे विजेचा खांब, कोठे उभी केलेली वाहने, असे ते जागोजागी तुटत गेले. डिसेंबर २०१७ मध्ये महानगरपालिकेने सबंध शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्यात सुट्या पट्ट्यांऐवजी एकमेकांना जोडलेले जाळे आखलेले आहे. डेल्फ्टला आपले जाळे विणायला पाच वर्षे लागली होती, आणि डेल्फ्टची वस्ती तेव्हा एक लाखाच्याही आत होती.