उभ्या गाडीतला पाझर

पहाटे तीनला नारायणगावातून टोमॅटोचे क्रेट भरून पिकअप वाशी मार्केटला निघायची असते. ड्रायव्हर चावी फिरवतो आणि बॉनेटखालून नुसतं टक् टक् ऐकू येतं. डॅशबोर्डचे दिवे विझत जातात, सेल्फ काही फिरत नाही. संध्याकाळी हीच गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली होती आणि रात्रभर तिला कुणी हात लावला नाही. मग बॅटरी उतरली कशी?

आधी एक छोटा हिशेब करू, कारण तो मला अजूनही थक्क करतो. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ तीनेकशे अँपिअर करंट खेचतो. आकडा धडकी भरवणारा आहे, पण ही ओढ फार तर तीन सेकंदांची. म्हणजे एका स्टार्टला खर्च होतो जेमतेम पाव अँपिअर-तास. आता केबिनमधला ५ वॉटचा दिवा घ्या. त्याला ०.४ अँपिअरच लागतो, पण तो दहा तास पेटत राहिला तर चार अँपिअर-तास संपतात. इंजिन सोळा वेळा चालू करता येईल एवढी ऊर्जा तो इवलासा दिवा रात्रीत गिळतो!

तरीही ७५ अँपिअर-तासांची धडधाकट बॅटरी एवढ्याने मरत नाही. तिला एका रात्रीत झोपवायला काही अँपिअरची सलग गळती हवी. म्हणून लहानशा खर्चानेच बॅटरी उतरत असेल, तर पहिला संशय बॅटरीवर आणि तिच्या चार्जिंगवर घ्यावा. गाडी काही तास उभी राहिल्यावर टर्मिनलवर मीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना हाच आकडा १४ च्या आसपास दिसला पाहिजे. तो १३ च्याही खाली असेल, तर अल्टरनेटर बॅटरी भरतच नाही आणि रात्रीच्या चोराचा शोध व्यर्थ आहे.

हे १२ व्होल्ट येतात तरी कुठून? आत सहा सेल असतात, प्रत्येक सुमारे २.१ व्होल्टचा: शिशाची पट्टी, शिशाच्या डायऑक्साइडची पट्टी आणि मध्ये सौम्य सल्फ्युरिक आम्ल. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी ही बॅटरी १८५९ मध्ये बनवली. ती इतकी चांगली का चालते, याचं पूर्ण उत्तर मात्र २०११ मध्ये स्वीडन आणि फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी गणिताने दिलं. शिशाच्या अणुकेंद्रात ८२ प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीमुळे अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारे ६० टक्के वेगाने धावतात. इतक्या वेगाला आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचे नियम लागू होतात. ते हिशेबातून काढून टाकले, तर सेलच्या २.१ व्होल्टपैकी १.७ ते १.८ व्होल्ट नाहीसे होतात! प्लांते यांनी बॅटरी केली तेव्हा आइन्स्टाइन जन्मलेही नव्हते, आणि आज रस्त्यावरची प्रत्येक पिकअप सापेक्षतेच्या जोरावर सेल्फ मारते.

आता गळतीकडे. चावी काढली म्हणून गाडी बंद होत नाही. इंजिनचा कॉम्प्युटर, घड्याळ, सेंट्रल लॉक हे सगळे अर्धा-पाऊण तासात हळूहळू झोपी जातात आणि मग सगळे मिळून २० ते ५० मिलिअँपिअर एवढंच पितात. हा खर्च रास्त आहे. घोटाळा होतो तो कुणीतरी जागं राहिल्यावर. चिकटून बसलेला रिले, दार लावूनही न विझणारा दिवा, अडकलेला ब्रेक लाइटचा स्विच, किंवा मागाहून बसवलेला जीपीएस आणि म्युझिक सिस्टीम. माझ्या मते मागाहून ओढलेल्या वायरींकडेच सगळ्यात आधी बघावं. पिकअपमध्ये जास्तीचे दिवे आणि हॉर्न हौसेने बसवतात, पण त्यांची लाइन बऱ्याचदा थेट बॅटरीवरून घेतलेली असते.

मोजायचं कसं? निगेटिव्ह केबल सोडवा आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये मल्टीमीटर १० अँपिअरवर लावा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज क्षणात उडेल. केबल काढून पुन्हा जोडली की झोपलेली यंत्रणा जागी होते, म्हणून अर्धा तास थांबा. दार उघडं ठेवायचं असेल तर लॉकची कडी स्क्रूड्रायव्हरने दाबून ठेवा, म्हणजे गाडीला दार बंद वाटेल.

आकडा मोठा आला तर लोक एकेक फ्यूज उपटू लागतात. मला याहून सुंदर वाटते ती दुसरी रीत. फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे धातूचे ठिपके असतात. त्यांवर मीटर मिलिव्होल्टवर टेकवा. करंट वाहत नसेल तर शून्य. पण १० अँपिअरच्या फ्यूजमधून अँपिअरचा दहावा हिस्सा जरी जात असला, तरी मीटरवर पाऊण मिलिव्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. ओहमचा नियम १८२७ चा. त्याच्या जोरावर काहीही न उपटता, कुणालाही न उठवता चोराची लाइन सापडते. मग त्या लाइनवरची एकेक वस्तू सोडवत जायचं, आकडा पडला की काम झालं.

एकही फ्यूज दोषी निघाला नाही, तर अल्टरनेटर तपासा. आतले डायोड करंट एकाच दिशेने सोडतात. एखादा फुटला, तर बॅटरीतला करंट रात्रभर उलटा वाहतो. निगेटिव्ह केबल काढून अल्टरनेटरची जाड वायर सोडवायची, तिचं टोक टेप लावून झाकायचं आणि पुन्हा मोजायचं. गळती थांबली तर वायरमनकडून डायोड प्लेट बदलून घ्यावी.

दुरुस्ती झाली की बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या. उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं आणि ते तसंच राहिलं तर घट्ट होऊन बसतं. नंतर कितीही चार्ज केलं तरी गेलेली क्षमता पुरती परत येत नाही. आणि दुकानदार नवी बॅटरी पुढे करेल, तेव्हा आधी गळती मोजायला सांगा. ती तशीच राहिली तर नवी बॅटरीही उतरणारच.