आठ पतंग, तीन रात्री

कपाशीच्या ओळीत काठीला पिवळं नरसाळं बांधलेलं होतं आणि त्याच्या खाली लांबट प्लॅस्टिकची पिशवी लोंबत होती. कृषी सहायक मॅडमनी पिशवीची गाठ सोडली, आतले पतंग वहीच्या पुठ्ठ्यावर ओतले आणि काडीनं एकेक बाजूला सारत मोजले. तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठे, मातकट रंगाचे. "सहा." आदल्या दोन रात्रींचे आकडे शेतकऱ्यानं स्वतः मोजून फोनवर कळवले होते, नऊ आणि सात. तिन्ही आकडे वहीत एकाखाली एक आले.

"मॅडम, फवारा मारू का नोको मारू, एवढंच सांगा ना."

मॅडम लगेच काही बोलल्या नाहीत. नरसाळ्याच्या वरच्या झाकणाला टोचलेला रबराचा छोटा तुकडा त्या निरखत राहिल्या.

मला संपादकांनी यवतमाळ जिल्ह्यात धाडलं होतं ते कृषी विस्तार यंत्रणेवर लिहायला. येताना गाडीत इतिहास चाळला होता. मुंबई इलाख्यात शेतकी खातं १८८३ साली निघालं. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि ग्रामसेवक गावोगाव पोचला. पुढे जागतिक बँकेच्या पैशातून 'प्रशिक्षण व भेट' योजना आली. इस्रायलचे डॅनियल बेनॉर यांची ही कल्पना: कर्मचाऱ्यानं दर पंधरवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या गावी जायचं आणि निवडक संपर्क शेतकऱ्यांना सांगायचं, म्हणजे ते इतरांना सांगतील. जागतिक बँकेचा पैसा आटला तसे हे वारही विस्कटले. १९९८ मध्ये महाराष्ट्रानं कृषी, मृदसंधारण आणि फलोत्पादन एका छताखाली आणलं. गावाच्या पातळीवर उरला तो कृषी सहायक. २०२५ मध्ये पदाचं नाव 'सहायक कृषी अधिकारी' झालं. गावाच्या तोंडी अजून कृषी सहायकच आहे.

हे सगळं लिहायचं म्हणून मी आलो खरा, पण त्या नरसाळ्यापासून मला हलवेना.

रबराच्या तुकड्याला ल्यूर म्हणतात. त्यात गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध कृत्रिमरीत्या भरलेला असतो. माणसाच्या नाकाला त्यातलं काही कळत नाही, पण अंधार पडला की नर पतंग त्या वासावर येतात आणि नरसाळ्यातून पिशवीत घसरतात. प्रत्येक किडीचा गंध वेगळा, त्यामुळे या सापळ्यात येतो तो याच अळीचा पतंग. एकरी दोन सापळे, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर. कपाशी वाढेल तसा सापळाही वर सरकवायचा. एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग, असं सलग तीन रात्री झालं, तरच फवारणीचा विचार करायचा.

ही मोजदाद का, ते अळीच्या चालीत आहे. मादी फुला-बोंडांवर डोळ्यांना दिसणार नाहीत अशी अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि तिनं पाडलेलं भोक मागून बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, आत सरकी खाल्ली जात असते. त्यानंतर कितीही औषध मारा, अळीपर्यंत ते पोचत नाही. हाताशी असतात ते पतंग दिसल्यापासून अळी आत शिरेपर्यंतचे मोजके दिवस. २००२ मध्ये बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या बीटी कपाशीला मंजुरी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं, आणि काही वर्षं कुणाला हे दिवस मोजावे लागले नाहीत. मग या अळीनं दोन्ही जनुकं पचवली. वेचणीनंतरही कपाशी उभी ठेवून फरदड घेतलेल्या शेतांत तिला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खायला मिळत गेलं. २०१७ मध्ये तिनं राज्यभर कपाशी पोखरली. त्याच हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. ते वर्ष इथे अजून कुणी सहज बोलून दाखवत नाही.

मोजून सल्ला देण्याची व्यवस्था राज्यात आधीच उभी होती. २००८ च्या खरिपात पानं खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीनचा फडशा पाडला, त्यानंतर २००९ मध्ये क्रॉपसॅप हा प्रकल्प सुरू झाला. गावातून निरीक्षणं जातात, कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ ती पाहतात आणि सल्ला मोबाइलवर येतो. कामाचीच गोष्ट आहे. तरी मला वाटतं, खरं अवघड काम संदेशाच्या पलीकडे आहे. 'फवारा' म्हणणाऱ्याला पुन्हा शेतात यावं लागत नाही. 'फवारू नका' म्हणणाऱ्याला यावंच लागतं, कारण शेतकरी वर्षाचं पीक त्या शब्दावर ठेवून रात्र काढत असतो.

आणि पुन्हा येणं हेच या बाईंच्या हातात राहिलेलं नाही. स्वतःची तीन गावं, शेजारच्या रिकाम्या सजाचा अतिरिक्त कार्यभार. पीक कापणी प्रयोग, मातीचे नमुने, अनुदानाचे अर्ज, फळबागांची तपासणी, आणि पाऊस झोडपून गेला की पंचनामे. मी दोन दिवस सोबत होतो. त्यातला शेतात गेलेला वेळ जेमतेम एक सकाळ. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानं २००३ मध्ये देशभर विचारलं होतं, तेव्हा शेतीची माहिती विस्तार कर्मचाऱ्याकडून मिळते असं सांगणारी कुटुंबं होती ५.७ टक्के, बी-खतं-औषधं विकणाऱ्याकडून मिळते म्हणणारी १३.१ टक्के. दुकानदाराला दोष देऊन भागणार नाही. तो रोज दुकानात असतो, उधार देतो, नावानं ओळखतो. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेनं त्याच्यासाठी वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम काढला, तो योग्यच. पण बाटली विकून घर चालवणाऱ्यानं 'आज नको' म्हणावं, ही अपेक्षा मला जड वाटते.

"ल्यूर कधी बदललं होतं, भाऊ?" मॅडमनी शेवटी विचारलं.

"पोळ्याच्या आंधी. तुमीच तं देल्लं होतं."

आता ऑक्टोबर उजाडला होता. ल्यूर तीन-चार आठवडे टिकतं. नवी तालुक्याला आलेली नव्हती, मॅडम दोनदा विचारून आल्या होत्या. म्हणजे सहाचा आकडा खरा मानायचा की वास उडालेल्या रबराचा?

त्यांनी वही मिटली. "वीस बोंडं तोडा. वेगवेगळ्या झाडांची, हिरवी."

बांधावर पोतं पसरलं. दोघं समोरासमोर बसून विळ्यानं एकेक बोंड चिरू लागले. सहाव्या बोंडात एक अळी निघाली, पांढरी, डोकं काळपट. मग पार सतराव्यापर्यंत काही नाही. अठराव्यात दुसरी. विसात दोन, म्हणजे दहा टक्के. आत शिरलेल्यांना औषध लागणार नव्हतं, पण उरलेल्या बोंडांसाठी फवारणीची वेळ आली होती, सापळा काहीही सांगो.

मॅडमनी चिठ्ठीवर एकाच औषधाचं नाव आणि प्रमाण लिहिलं. खाली मोठ्या अक्षरांत: दुसरं काही मिसळू नये. हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याच्या उलट फवारायचं नाही, हे त्यांनी तोंडी सांगितलं, आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं. त्यानं चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

"दुकानदार दुसरं देईन तं?"

"दुकानातूनच मला फोन लावा. मी बोलते त्यांच्याशी."

तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला. पलीकडच्या गावात पंचनाम्याला माणसं खोळंबली होती.