सॉफ्टवेअर निवडण्याआधी स्टोअरकीपरला विचारा

समजा, भोसरी एमआयडीसीत ऐंशी कामगारांचा एक कारखाना आहे. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून कास्टिंग येतात, इथे त्यांचं मशीनिंग होतं आणि तयार माल चाकणच्या वाहन कंपन्यांना जातो. महिनाअखेरीला मालक विचारतात, अमुक कास्टिंगचे नग किती शिल्लक आहेत? स्टोअरची वही म्हणते ६४०, प्रॉडक्शनचं एक्सेल ७६० आणि टॅली ९१०.

यात कुणीही चुकलेलं नाही. वहीत फक्त रॅकवरचा माल आहे. एक्सेलमध्ये मशीनवर चढलेले १२० नगही धरले आहेत. टॅलीनं बिलावरून सगळा माल जमा केला आहे, आणि त्यातले १५० नग हीट ट्रीटमेंटसाठी जॉबवर्कवाल्याकडे पडून आहेत. ते पाठवल्याच्या चलनाची प्रत स्टोअरकीपरच्या ड्रॉवरमध्ये आहे आणि हा सगळा मेळ त्याला तोंडपाठ आहे. मालक मात्र वैतागून म्हणतात, 'आता एक चांगलं ईआरपी घेऊन टाकू.'

निर्णय योग्य आहे. पण पुढच्या आठवड्यात डेमोला कोण बसतं? मालक, त्यांचा मुलगा, सीए आणि कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस. स्टोअरकीपर खाली माल उतरवून घेत असतो. सॉफ्टवेअरची निवड बहुतेक वेळा इथेच फसते. संस्थेनं स्वतःचं काम कसं चालतं हे आधी कागदावर उतरवलं नाही, तर बाजारातलं सर्वोत्तम सॉफ्टवेअरही तिला उपयोगी पडत नाही. आणि ते कागदावर उतरवू शकणारी माणसं त्या बैठकीत नसतात.

तयार सॉफ्टवेअरची गृहीतकं

ईआरपी म्हणजे सगळ्या खात्यांच्या नोंदी एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर. त्याचं मूळ तत्त्व साधं आहे: एक घटना, एकच नोंद. गेटवर माल उतरला की आवक नोंदवली जाते. त्याच नोंदीवरून साठा वाढतो, क्वालिटीवाल्याला तपासणीचं काम दिसतं आणि अकाउंट्सला पुरवठादाराचं देणं दिसतं. तीन वह्या जुळवायची वेळच येत नाही.

अशा सॉफ्टवेअरमधलं सर्वांत परिचित नाव एसएपी. आयबीएम सोडून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२ साली जर्मनीत ही कंपनी सुरू केली. तोवर मोठ्या कंपन्या आपापले प्रोग्रॅम स्वतंत्रपणे लिहून घेत. धंदे वेगळे असले तरी खरेदी, साठा, हिशेब यांचा गाभा सारखाच असतो, तेव्हा एकच तयार प्रोग्रॅम अनेकांना चालेल, या विचारावर ही कंपनी उभी राहिली. आपल्याकडे १९८६ मध्ये सुरू झालेल्या टॅलीनं छोट्या दुकानदाराच्या हिशेबासाठी तेच केलं.

पण तयार सॉफ्टवेअर म्हणजे काम कसं चालावं याबद्दलची कुणीतरी आधीच ठरवलेली गृहीतकं. ती तुमच्या कामाशी जिथे जुळत नाहीत, तिथे दोनच वाटा उरतात: आपली पद्धत बदला, नाहीतर सॉफ्टवेअर बदलून घ्या. दुसऱ्या वाटेला या धंद्यात कस्टमायझेशन म्हणतात. ती वाट सुरुवातीला सोपी वाटते आणि पुढे फार महाग पडते.

जर्मनीच्या लिडल या किराणा साखळीनं ही किंमत मोजली. २०११ मध्ये लिडलनं एसएपीवर आधारित नवी यंत्रणा उभारायला घेतली. लिडल आपल्या साठ्याचं मूल्य खरेदी किमतीनं धरत असे, तर ते सॉफ्टवेअर विक्री किमतीवर बेतलेलं होतं. लिडलनं पद्धत बदलली नाही, सॉफ्टवेअर बदलून घेतलं. प्रकल्प लांबत गेला आणि २०१८ मध्ये तो थांबवण्यात आला, तेव्हा सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्या होत्या. अपयशाची कारणं एकाहून अधिक असणार. पण साठ्याचं मूल्य कसं धरायचं, हा प्रश्न पहिल्या महिन्यात टेबलावर ठेवून सोडवण्यासारखा होता.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम महापालिकेची गोष्ट याच्या जवळची आहे. जुनं एसएपी सोडून ओरॅकलकडे जाताना 'सॉफ्टवेअर आहे तसं स्वीकारायचं' असं तिनं ठरवलं होतं. प्रत्यक्षात जुन्या सवयींसाठी बदल करून घेतले गेले. एप्रिल २०२२ मध्ये यंत्रणा सुरू झाली आणि बँकेतल्या जमा रकमांचा ताळमेळ लागेना. सुमारे १.९ कोटी पौंडांचं काम १० कोटींपर्यंत जाईल, असं २०२३ मध्ये सांगावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पालिकेनं आर्थिक संकटाची अधिकृत नोटीस काढली. समान वेतनाची थकलेली देणी हे त्याचं मोठं कारण होतं, पण या सॉफ्टवेअरच्या खर्चानं भार आणखी वाढवला.

आपल्या पद्धतींची तीन टोपल्यांत वाटणी

म्हणून पहिलं काम घरात करायचं. आपल्या कामात जे काही वेगळं, खास आहे, त्याची यादी करा आणि प्रत्येक गोष्ट तीनपैकी एका टोपलीत टाका.

पहिली टोपली कायद्याची. जीएसटीत जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यवसायांना इतर व्यवसायांना केलेल्या विक्रीसाठी ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद कुणी, कधी बदलली याचा माग राहावा लागतो आणि तो बंद करण्याची सोय असता कामा नये. साखर कारखान्याला ऊस आल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याची मुदत पाळावी लागते, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज लागतं. या टोपलीतल्या गोष्टी सॉफ्टवेअरमध्ये मुळातच हव्यात. 'नंतर करून देऊ' हे उत्तर इथे चालत नाही.

दुसरी टोपली आपल्या ताकदीची. एखादा दूध संघ दुधातलं फॅट आणि एसएनएफ (फॅटव्यतिरिक्तचे घन घटक) पाहून दर दहा दिवसांनी बिनचूक बिल देतो आणि त्यामुळेच उत्पादक त्याला सोडून जात नाही. अशा गोष्टीसाठी सॉफ्टवेअर बदलून घ्यावं, त्याचे पैसे मोजावेत.

तिसरी टोपली सवयीची. तीन रंगांची चलनं, पाच सह्यांचं मंजुरीपत्र, 'आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे' म्हणून चालत आलेला रिपोर्ट. यांतलं बहुतेक सोडून द्यावं. नव्या सॉफ्टवेअरचा अर्धा फायदा यातच आहे. आणि सोडायचं काय, हे विक्रेत्यानं न ठरवता संस्थेनं स्वतः ठरवावं. तसं झालं तर माणसं ते मनानं स्वीकारतात.

जे कुठेच लिहिलेलं नाही

यादीत सर्वांत अवघड असतात त्या गोष्टी, ज्या फक्त माणसांच्या डोक्यात आहेत. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीनं सुमारे ११.२ कोटी डॉलर खर्चून नवी यंत्रणा आणली. चार वर्षांचं काम अडीच वर्षांत बसवलं. एप्रिलमध्ये सुरू व्हायची ती यंत्रणा जुलैमध्ये, हॅलोविनच्या ऑर्डरी यायच्या तोंडावर सुरू झाली. गोदामात चॉकलेटं होती, पण सुमारे दहा कोटी डॉलरच्या ऑर्डरी पोहोचल्या नाहीत. नंतरच्या विश्लेषणात एक बारीक गोष्ट पुढे आली. हंगामात जास्तीचा माल कामगार कुठल्यातरी मोकळ्या खोलीत ठेवत. त्या जागा त्यांना माहीत होत्या, सॉफ्टवेअरमध्ये मात्र गोदाम म्हणून त्यांची नोंदच नव्हती. त्यामुळे प्रत्यक्षात असलेला माल यंत्रणेच्या लेखी नव्हता.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याच्या आरोग्य खात्यानं मार्च २०१० मध्ये सुमारे ७८,००० कर्मचाऱ्यांच्या पगाराची नवी यंत्रणा सुरू केली. रात्रपाळी, जादा वेळ, वेगवेगळे करार यांच्या जोडण्यांतून पगाराचे हजारो प्रकार होत होते. ते सगळे नियम पक्के न लिहिताच काम पुढे रेटलं गेलं. काही परिचारिकांना कमी पगार मिळाला, काहींना मिळालाच नाही, काहींना जादा गेला आणि तो परत मागावा लागला. दुरुस्तीसह आठ वर्षांचा खर्च सुमारे १.२ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरवर जाईल असा अंदाज निघाला आणि सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. महिन्याचं घरभाडं भरायला पैसे नसलेल्या परिचारिकेला सर्व्हर कोणत्या कंपनीचा आहे यानं काही फरक पडत नाही.

या दोन्ही ठिकाणी माहिती संस्थेत होती, फक्त निवड करणाऱ्यांपर्यंत पोहोचली नव्हती. म्हणून निवड समितीत प्रत्येक खात्यातला एक असा माणूस घ्या, जो रोज नोंद करतो. त्याला त्या दिवसांपुरतं मूळ कामातून मोकळं करा. त्याच्याकडून 'नेहमीचं काम' लिहून घेऊन थांबू नका, अडीअडचणी लिहून घ्या: माल परत आला तर काय होतं, बिल आधी आणि माल नंतर आला तर, वीज गेली तर, चलनावरचा आकडा आणि प्रत्यक्ष मोजणी जुळली नाही तर?

डेमो आपल्या कागदांवर मागा

विक्रेत्याचा डेमो सुरळीतच होणार. त्यात माल वेळेवर येतो, मोजणी जुळते, ग्राहक पैसे देतो. त्यावरून काही ठरवू नका. गेल्या महिन्यातले आपले पंधरा-वीस खरे कागद द्या, त्यांत सर्वांत किचकट चार असू द्या. 'हे आमच्यासमोर नोंदवून दाखवा' म्हणा, आणि शक्य असेल तर माऊस आपल्या स्टोअरकीपरच्या हातात द्या. 'होईल' हे उत्तर आलं की लगेच विचारा: आज होतं, सेटिंग बदलून होतं, की प्रोग्रॅम लिहावा लागेल? ही तीन उत्तरं तीन रकान्यांत लिहून ठेवा. तिसरा रकाना लांबला तर ते सॉफ्टवेअर आपल्यासाठी नाही.

आपल्याकडे भाषेची तपासणीही हवी. मराठीतलं नाव मराठीत शोधता येतं का? आडनाव आधी लिहिलेलं आणि नंतर लिहिलेलं नाव एकाच माणसाचं आहे हे ओळखू येतं का? पावती देवनागरीत नीट छापली जाते का? गावातल्या सोसायटीच्या सभासदाला पावती वाचता आली तरच त्याचा व्यवहारावर विश्वास बसतो.

मग त्याच विक्रेत्याच्या आपल्याएवढ्या आणि आपल्यासारख्या दोन ग्राहकांकडे स्वतः जा. मालकाला भेटा, पण त्यांच्या अकाउंटंटबरोबर चहा घ्यायला विसरू नका. 'अजून एक्सेल वापरता का, आणि कशासाठी?' हा एक प्रश्न पुष्कळ काही सांगून जातो.

पैसे आणि परतीची वाट

कोटेशनवरची लायसन्सची किंमत हा खर्चाचा फक्त पहिला हप्ता असतो. बसवून देण्याचं शुल्क, बदल, जुनी माहिती भरणं, प्रशिक्षण, वार्षिक देखभाल, इंटरनेट आणि आपल्या माणसांचा वेळ हे सगळं पाच ते सात वर्षांसाठी एका कागदावर मांडा. दरमहा माणशी भाडं असेल तर पाच वर्षांनी माणसं किती असतील ते धरा. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट मुक्त स्रोताचं आहे, म्हणजे त्याच्या लायसन्सचे पैसे लागत नाहीत. पण बसवणारा जाणकार, प्रशिक्षण आणि देखभाल यांचा खर्च तिथेही आहेच. मोठ्या नावालाही वयोमर्यादा असते: एसएपीनं आपल्या जुन्या ईसीसी आवृत्तीच्या मुख्य देखभालीसाठी २०२७ ची मुदत दिली आहे.

करार करताना निघण्याची वाटही आखून ठेवा. उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचं ठरलं तर आपली सगळी माहिती वाचता येईल अशा स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत मिळेल? कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपावी लागतात. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं सभासद आणि कर्मचारी यांच्या माहितीची जबाबदारीही संस्थेवर टाकली आहे. विक्रेत्याचं दुकान बंद झालं तरी ही जबाबदारी संपत नाही.

वहीतून पडद्यावर

निवड झाल्यावरचं खरं काम असतं माहिती साफ करण्याचं. गावोगावच्या विकास सोसायट्यांनी, म्हणजे प्राथमिक कृषी पतसंस्थांनी, ते अनुभवलं आहे. जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नाबार्डच्या देखरेखीखाली सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर, त्यामुळे निवडीचा प्रश्न वरच सुटला. पण सभासद कोण, त्याची बाकी किती, वारस कोण, हे खतावणीतून तपासून भरायचं काम गटसचिवाचंच राहिलं. वारलेल्या सभासदाचं खातं, एकाच माणसाची दोन नावं, खाडाखोड केलेली रक्कम, हे कुठलंही सॉफ्टवेअर आपोआप दुरुस्त करत नाही. तसंच्या तसं भरलं तर ती चूक आता छापील होते आणि लोक तिच्यावर जास्त विश्वास ठेवतात.

सुरुवातीचा मुहूर्तही जपून निवडा. साखर कारखान्यानं गळीत हंगामात, दुकानानं दिवाळीत, शाळेनं प्रवेशाच्या दिवसांत यंत्रणा बदलू नये. जुनं आणि नवं निदान एक पूर्ण महिना बरोबर चालवा आणि दोन्हीकडचे आकडे जुळल्याशिवाय वही मिटू नका. त्या महिन्यात माणसांवर दुप्पट काम पडतं, त्याचा मोबदला त्यांना द्या.

भोसरीच्या त्या कारखान्यात परत जाऊ. स्टोअरकीपर पहिल्याच बैठकीत असता, तर त्यानं ड्रॉवरमधून चलन काढून विचारलं असतं, 'हे १५० नग तुमच्या पडद्यावर कुठे दिसतील?' या प्रश्नाचं उत्तर जे सॉफ्टवेअर त्याच्यासमोर, त्याच्याच चलनावर देऊ शकेल, ते घ्यावं.