सव्वासहाचा भुंगा

सरावलीत आमच्या घरी सकाळी सव्वासहाला भुंगा शिरतो. नळाला पाणी आलेलं असतं, पहिल्या पाळीची माणसं डबा घेऊन एमआयडीसीच्या रस्त्याला लागलेली असतात आणि मोरीतून ‘गुंऽऽऽ’ असा आवाज सुरू होतो. सासूबाईंचा इलेक्ट्रिक ब्रश! त्या मूळच्या सातपाटीच्या. उभा जन्म मशेरी लावून काढला. दाताच्या डॉक्टरांनी हिरड्या दाखवून समजावलं तेव्हा मशेरी सुटली. मग नातवानं पहिल्या पगारातून हा ब्रश आणला. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, “अगं, हे मेलं हातातून उडी मारतंय!” आता बिघडला तर त्यांचा दिवस उजाडत नाही.

तेव्हापासून नात्यातले, शेजारचे सगळे मला विचारतात, “कुठला घेऊ? आणि ते पाण्याचं पिचकारीवालं यंत्र खरंच कामाचं आहे का?” उत्तरं शोधता शोधता इतकी मजेशीर माहिती हाती लागली, की ती एकटीनं ठेवून घेणं बरं वाटेना.

पहिला ब्रश थेट भिंतीतल्या विजेवर

इलेक्ट्रिक ब्रश ही कालपरवाची चैन नाही. 1954 साली स्वित्झर्लंडमध्ये फिलिप-गी वूग यांनी ‘ब्रॉक्सोडेंट’ नावाचा ब्रश काढला. त्याला वायर होती आणि ती सरळ भिंतीतल्या प्लगला लावायची. ओले हात, ओलं तोंड आणि घरातली वीज! बिनवायरीचा, चार्ज होणारा ब्रश अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकनं 1961 साली आणला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला असेल.

आजचा एखादा चांगला ब्रश नीट पाहा. खुंटीसारख्या चार्जरवर तो नुसता ठेवायचा असतो. धातूला धातू कुठेच टेकत नाही, तरी चार्ज होतो. कसा? चार्जरमध्ये तारेचं एक वेटोळं, ब्रशच्या बुडात दुसरं. पहिल्यातून वीज खेळली की तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे दुसऱ्यात वीज तयार होते. आपल्या कोपऱ्यावरच्या डीपीतला ट्रान्सफॉर्मरही याच तत्त्वावर चालतो. म्हणजे एक चिमुकली डीपीच बेसिनशेजारी बसलेली असते.

तारापूर शेजारी असल्यावर हिशेब केल्याशिवाय राहवेना. चार्जर साधारण एक वॉट खातो असं धरलं आणि वर्षभर प्लगमध्येच ठेवला, तर वर्षाला जेमतेम 9 युनिट. तारापूरला 1969 पासून अणुवीज तयार होते आहे आणि तिथल्या मोठ्या संचांपैकी एकाची क्षमता आहे 540 मेगावॉट. असा एकटा संच एकाच वेळी 54 कोटी चार्जरना पुरेल!

पाड्यावरचा ब्रश, चित्रातला ब्रश

आमच्या पालघर जिल्ह्याचा खरा जुना ब्रश म्हणजे काडी. बाभूळ, करंज, कडुलिंब. टोक चावायचं, तंतू मोकळे झाले की झाला ब्रश तयार. वापरला की फेकला, उद्या नवा. रोज नवं ब्रशहेड वापरणारी माणसं आपल्याच आजूबाजूला होती!

आणि ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. वारली चित्र ज्या कुंचल्यानं काढतात, तोही परंपरेनं टोक चावून मऊ केलेली बांबूची काडीच. तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात ती बुडवायची आणि गेरूच्या भिंतीवर तारपा नाच उतरवायचा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे, ज्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, त्यांनी ही कला जगभर नेली. चावलेल्या काडीनं दात उजळतात आणि भिंतही उजळते, हे आपल्या जिल्ह्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

वाग्भटानं सुमारे तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी ‘अष्टांगहृदया’त दातवणाचं मापच देऊन ठेवलंय. बारा अंगुळं लांब, करंगळीच्या टोकाएवढं जाड, चवीला तुरट, तिखट किंवा कडू. टोक मऊ हवं. सकाळी वापरावं आणि जेवल्यावरही. शिवाय हिरड्यांना इजा होता कामा नये, हेही तो बजावतो. आज भारी ब्रशच्या खोक्यावर ‘सॉफ्ट ब्रिसल’ आणि ‘प्रेशर सेन्सर’ असं छापलेलं दिसलं, की मला हा वैद्य आठवतो.

केस कोणाचे?

टूथब्रशचे केस कित्येक शतकं डुकराचे होते. नायलॉनचा ब्रश बाजारात आला 1938 साली, अमेरिकेत. आपल्या घराघरांत तेव्हा राखुंडी होती. नंतर माकडछाप काळं मंजन आलं. मुंबईत 1952 साली केशव विष्णू पेंढरकरांनी विको सुरू केली. ‘विको’ या नावात कुठलाही परदेशी साहेब दडलेला नाही. विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी, त्याचं हे लघुरूप. वज्रदंतीची पावडर विकत एका मराठी माणसानं हा डोलारा उभा केला.

एकतीस हजार विरुद्ध तुमचा हात

हातानं घासताना मिनिटाला दोन-तीनशे फटके बसतात. ‘सोनिक’ जातीचा ब्रश मिनिटाला 31,000 च्या घरात थरथरतो. गोल डोक्याचा ब्रश डावी-उजवीकडे फिरतो, त्यातला नावाजलेला प्रकार मिनिटाला सुमारे 8,800 वेळा. आकडे ऐकून छाती दडपते. पण दात शंभरपट स्वच्छ होतात का? नाही. कॉक्रेन या संस्थेनं 2014 साली 56 चाचण्या आणि पाच हजारांवर माणसांचा लेखाजोखा मांडला. तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर विजेच्या ब्रशवाल्यांच्या दातांवरचा चिकट थर साध्या ब्रशवाल्यांपेक्षा 21 टक्के कमी भरला, हिरड्यांची सूज 11 टक्के कमी. फायदा खरा आहे, जादू नाही.

हा फायदा येतो कुठून? माझ्या मते निम्मं श्रेय त्या छोट्याशा घड्याळाचं. बहुतेक ब्रश दोन मिनिटं चालतात आणि दर तीस सेकंदांनी क्षणभर अडखळतात. वरचं उजवं, वरचं डावं, खालचं डावं, खालचं उजवं. घड्याळ लावून एकदा साध्या ब्रशनं घासून पाहा. आमच्या घरी पाहिलं, पन्नासाव्या सेकंदाला सगळे चूळ भरत होते.

आता सासूबाईंचा हात बघा. आधी ब्रश बंद ठेवूनच तोंडात घालतात, मग बटण दाबतात. त्यामुळे पेस्ट आरशावर उडत नाही. ब्रश तीन बोटांत, पेन धरावा तसा. घासत मुळीच नाहीत. एका दातावर टेकवायचा, दोन श्वास थांबायचं, पुढच्या दातावर सरकायचं. केसांची टोकं दात आणि हिरडीच्या सांध्याकडे थोडी तिरकी. जोर पडला की मानेजवळचा दिवा लाल होतो आणि त्या लगेच हात हलका करतात. पातेलं घासल्यासारखे दात घासणाऱ्यांच्या हिरड्या मागे सरकतात, मुळं उघडी पडतात आणि गार पाण्यानं झिणझिण्या येतात. यंत्र हातात असताना तो जोर लावला, तर नुकसान यंत्राच्याच वेगानं.

सांधे आखडलेल्या माणसांना, लहान मुलांना, दातांना तारा लावलेल्यांना आणि जोर आवरत नाही अशांना हा ब्रश मी डोळे मिटून सुचवते. ज्याचा हात हलका आहे आणि जो दोन मिनिटं खरोखर घासतो, त्याचा साधा मऊ ब्रशही गुणी आहे. त्यानं हे पैसे राखून ठेवावेत आणि वर्षातून एकदा डॉक्टरांकडे जाऊन यावं.

बोंबलाचा काटा आणि चिकूचा गर

दाढेला पाच बाजू. वरची, गालाकडची आणि जिभेकडची अशा तीन बाजूंना ब्रश पोचतो. शेजारच्या दातांना खेटलेल्या दोन बाजू कोरड्याच राहतात. आमच्याकडे तर तिथे अडकायला काय काय आहे! सुक्या बोंबलाचा तंतू, सुकटीच्या पायाचं टोक, घोलवडच्या चिकूचा साखरेनं चिकट गर. ‘दात कोरून पोट भरत नाही’ हे खरं, पण दातांमधलं न काढल्यानं हिरडी मात्र बिघडते.

तिथे कामी येतं ते पिचकारीवालं यंत्र, म्हणजे वॉटर फ्लॉसर. तो जन्मला एका दंतवैद्याच्या आणि एका पाण्याच्या इंजिनिअरच्या मैत्रीतून. अमेरिकेतल्या फोर्ट कॉलिन्स गावी 1962 साली डॉ. जेराल्ड मॉयर आणि जॉन मॅटिंगली यांनी ‘वॉटर पिक’ काढलं. धार सलग नसते, ती तुटक तुटक मारा करते, मिनिटाला हजाराहून जास्त ठोके. दाब, मग क्षणभर सैल, पुन्हा दाब. त्यामुळे हिरडीच्या कडेखालचं खरकटं सुटून बाहेर येतं.

वापरायची रीत सांगते. सगळ्यात कमी दाबावर सुरुवात. टोक तोंडात घेऊन ओठ अलगद मिटायचे, बेसिनवर वाकायचं, मग बटण. मागच्या दाढेपासून हिरडीच्या कडेकडेनं पुढे यायचं, प्रत्येक फटीशी क्षणभर थांबायचं. पाणी ओठांतून आपोआप खाली पडतं. कोमट पाणी असेल तर दात शिवशिवत नाहीत. पहिले काही दिवस सुजलेल्या हिरडीतून थोडं रक्त येऊ शकतं. आठ-दहा दिवसांनंतरही येत राहिलं, तर दाखवून या.

आमच्या भागातल्या घरांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. बोअरवेलच्या जड पाण्याचे क्षार त्या बारीक भोकात बसतात आणि धार मरते. क्षार काढलेलं पिण्याचं पाणीच भरा, वापरून झालं की टाकी रिकामी करून उघडी वाळवा. अधूनमधून पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून चालवायचं, मागून साधं पाणी.

आणि हे यंत्र दातांच्या फटीत फिरवायचा दोरा (फ्लॉस) किंवा दातांमधला बारीक ब्रश यांना पूर्ण पर्याय नाही. 2019 सालच्या कॉक्रेनच्या पाहणीत फटींसाठीचा बारीक ब्रश दोऱ्यापेक्षा सरस असू शकेल असं दिसलं, पण पुरावा अजून कच्चा आहे. ज्यांना दोरा जमतच नाही, ज्यांना तारा, ब्रिज किंवा इम्प्लांट आहे, त्यांना मात्र पाण्याची धार मोठा आधार वाटते.

दुकानात उभं राहून पाहायच्या गोष्टी

सुटं डोकं मिळतं का आणि केवढ्याला, हे आधी विचारा. ब्रश एकदाच घ्यायचा असतो, डोकं दर तीन महिन्यांनी. मऊ केस, दोन मिनिटांचं घड्याळ, जोराचा इशारा, एवढं असलं की पुरे. मोबाइलला जोडणारं अॅप, आठ प्रकारचे मोड, यांवर पैसे घालवू नका. अमेरिकेतल्या भाचीनं ब्रश आणला, तर चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. ‘100–240 व्होल्ट’ लिहिलं असेल तर खुशाल लावा. नुसतं 110 किंवा 120 असेल, तर आपल्या 230 व्होल्टच्या प्लगमध्ये घालू नका. घरात कुणाला पेसमेकर असेल, तर घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पेस्ट साधीच चालते. आपल्या देशात पेस्टमधलं फ्लोराइड 1000 पीपीएमच्या वर नसावं असा नियम आहे, आकडा ट्यूबवर छापलेला असतो.

मशेरीबद्दल

टूथपेस्ट आणि मंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारनं 1992 सालीच बंदी केली. तरी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करण्याची सवय कितीतरी घरांत आहे, बायकांमध्ये विशेष. ती दात साफ करत नाही, ती तंबाखूच आहे. सकाळी एकदा, दुपारी एकदा, मग चहाआधी, मग तिच्याशिवाय पोट साफ होत नाही. महागातला ब्रश तिचा दोष धुऊन काढत नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा तोंड कमी उघडणं, यांतलं काहीही दिसलं तर आजच डॉक्टर गाठा. सासूबाई आता पाड्यावरच्या मैत्रिणींना हेच सांगत फिरतात, आरशात स्वतःचा ओठ उलटून कसा बघायचा तेही दाखवतात.

‘क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात’ असंही त्यांच्या मैत्रिणी म्हणतात. दातांवर दगडासारखं जमलेलं कीटण कुठल्याच ब्रशनं किंवा धारेनं निघत नाही, ते डॉक्टरांनीच काढायचं. दात हलतात ते आतलं हाड आधीच झिजलेलं असतं म्हणून. कीटणाच्या आधारानं ते टेकून उभे असतात, इतकंच. मधुमेह असेल तर हे आणखी लवकर होतं, आणि सुजलेल्या हिरड्या साखरही वर ढकलतात.

आमच्या मोरीत सध्या चार रंगांच्या कड्या लावलेली चार डोकी आहेत, यंत्र एकच. सासूबाईंची कडी निळी. कॅलेंडरवर दर तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या निळ्या पेनानं गोल करतात आणि त्या दिवशी जुनं डोकं देवघरात जातं. मग पितळेच्या समईच्या नक्षीतली काजळी तेच डोकं यंत्राला लावून सासूबाई काढतात. तो दुसरा भुंगा सकाळी साडेसातला ऐकू येतो.