शिट्टी खुंटीला कधी टांगावी?

“अहो, आता ती शिट्टी खुंटीला टांगा की!” असे आमची सौभाग्यवती गेल्या होळीपासून म्हणत आहे. कारणही तसेच घडले. नंदुरबारच्या एका महाविद्यालयात मी तीसएक वर्षे मुलांना फुटबॉल शिकवीत आलो आणि यंदा आमच्या संघाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकली. हार झाले, पेढे झाले, फोटो निघाला. नोकरीचे वय तर केव्हाच सरले आहे. मैदानावर जातो तो केवळ हौसेने. जो तो म्हणतो, “सर, सोडायचे तर असे यशात सोडावे!”

सल्ला ऐकायला गोड खरा; पण यशात सोडून सुखी झालेले गुरू मला फार थोडे सापडले.

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलचे केवढे प्रस्थ! (त्यांचा फुटबॉल बहुतेक हातानेच खेळतात, ही गोष्ट निराळी.) अलाबामा विद्यापीठाचे पॉल ब्रायंट ३२३ विजय पदरी घेऊन १९८२च्या डिसेंबरात निवृत्त झाले आणि अखेरच्या सामन्यानंतर अवघ्या २८ दिवसांत वारले. हे वाचून सौभाग्यवतीने दोन दिवस शिट्टीचे नाव काढले नाही!

आपल्याकडचे सय्यद अब्दुल रहीम मात्र वेगळे. हैदराबादचे, पेशाने शिक्षक. १९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने सुवर्णपदक घेतले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविले आणि आपण चौथे आलो. व्यवहारी माणूस तिथेच थांबता. रहीमसाहेब कर्करोग अंगात घेऊन १९६२ मध्ये जकार्ताला गेले. बचावफळीतल्या जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम झालेली. त्याला त्यांनी चक्क आघाडीला उभे केले. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर एक गोल पी. के. बॅनर्जींनी केला, दुसरा त्याच जर्नेलने. सुवर्णपदक आले, आणि ११ जून १९६३ रोजी रहीमसाहेब गेले. निवृत्ती त्यांच्या वाट्याला आलीच नाही.

आणि शिवाजी पार्कचे आचरेकर सर? २०१३ मध्ये वानखेडेवर निरोप घेताना सचिन म्हणाला की, २९ वर्षांत सरांनी मला कधी शाबासकी दिली नाही. आता सामनाच उरला नाही, तेव्हा द्यायला हरकत नसावी. शिष्य निवृत्त झाला, गुरू गुरूच राहिला.

तरी मला सर्वांत अधिक विचारात पाडले ते निक सेबन यांनी. ब्रायंट यांच्याच विद्यापीठाचे हे प्रशिक्षक २०२४ च्या जानेवारीत, ७२ व्या वर्षी निवृत्त झाले. नवे खेळाडू विचारीत, ‘तुम्ही आणखी किती वर्षे आहात?’ त्याचे प्रामाणिक उत्तर देणे त्यांना जड जाऊ लागले होते.

हाच प्रश्न मला जूनमध्ये धडगावकडच्या एका मुलाने विचारला. वसतिगृहात नवा आलेला, बुटांची सवय नसलेला, पण डाव्या पायाचा तडाखा असा की गोलरक्षकाने दचकावे! “सर, माझी पदवी होईपर्यंत तुम्ही आहात ना?” मी त्या दिवशी “आहे की” म्हणून मोकळा झालो आणि रात्रभर झोपलो नाही. माझे गुडघे काय म्हणतात ते मला ठाऊक होते.

आता आठवड्यातले तीन दिवस माझा एक जुना विद्यार्थी सराव घेतो. तो तळोद्याच्या बाजूला शाळामास्तर आहे, संध्याकाळी मोटारसायकलवरून येतो. मी निंबाखाली खुर्ची टाकून बसतो आणि ओरडायचे टाळतो. हे जमायला महिना गेला. परवा त्या धडगावच्या पोराचा घोटा मुरगळला, तो लंगडत उठला आणि माझ्याकडे न येता सरळ त्याच्याकडे गेला. खरे सांगतो, काळजात चर्र झाले. मग मी त्याला बोलावून जूनमधले उत्तर दुरुस्त केले: “मी दिवाळीपर्यंत आहे रे, पुढे हे सर.”

पोराने मान डोलावली आणि बर्फ आणायला पळणाऱ्या सरांकडे पाहत राहिला. खुंटी सौभाग्यवतीने दाखवून ठेवली आहे. पण शिट्टी मी त्या मास्तराच्याच गळ्यात घालणार आहे.