कपाशीचे फूल कसे रेखाटावे

एखाद्या मुलास फूल काढावयास सांगावे, तर तो मध्ये एक वाटोळे काढतो आणि त्याभोवती पाच सारख्या पाकळ्या लावून मोकळा होतो. हे फुलाचे चित्र नव्हे, फुलाची खूण होय. नक्षीत ती शोभते. एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांत संकल्पचित्राचा विषय निराळा असतो, तेथे ती अवश्य काढावी. बुलढाणे शहर ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे, तिच्यातील लेण्यांच्या छतांवरही कमळांची नक्षी आहे. परंतु ती काढणाऱ्यांनी तळ्यातील कमळ आधी डोळे भरून पाहिले असले पाहिजे, हे तिच्याकडे पाहताच पटते. आपल्या मुलांना आपण नक्षी आधी शिकवितो आणि फूल दाखवावयाचे राहूनच जाते.

आमच्या जिल्ह्यात या पाठाला कपाशीसारखे दुसरे फूल नाही. जलंबहून खामगावास १८७० साली आगगाडीचा फाटा आला तो कापसापायीच. आणि तरीही बोंड सर्वांच्या ओळखीचे व फूल मात्र शेतकऱ्याखेरीज कोणी निरखलेले नाही, अशी स्थिती आहे. वऱ्हाडात जिला पऱ्हाटी म्हणतात, ती भाद्रपदाच्या सुमारास फुलावर येते. शहरात राहणाऱ्यांनी कुंडीतील भेंडी किंवा जास्वंद घ्यावी. ती याच कुळातली असून पाकळ्यांची ठेवण तीच आहे.

सकाळी उमललेल्या फुलाची डहाळी पाण्याच्या पेल्यात उभी करावी व फूल किंचित कलते दिसेल असे बसावे. पाच मिनिटे पेन्सिल हाती घेऊ नये. मग देठापासून फुलाच्या मध्यातून जाणारी एक फिकट रेषा काढावी. पाकळीपासून आरंभ केला की फूल देठावर बसतच नाही, ते वर चिकटविल्यासारखे दिसते. म्हणून ही रेषा प्रथम. त्यानंतर फुलाचे तोंड. समोरून ते वर्तुळ असते, पण कलते धरले की लंबवर्तुळ होते. त्याच्या कडांवरून दोन वक्र रेषा देठाशी आणून मिळविल्या म्हणजे पेल्याचा आकार तयार होतो.

आता त्या लंबवर्तुळावर पाच पाकळ्यांच्या जागा खुणावयाच्या. त्या सारख्या दिसणार नाहीत. समोरची रुंद, बाजूच्या अरुंद, मागच्यांचा तर आतला भागच दिसेल. मात्र प्रत्येकीची मधली शीर खाली एकाच बिंदूकडे गेली पाहिजे.

खरी कसोटी पुढेच आहे. कपाशीच्या पाकळ्या कळीत पिळलेल्या असतात. त्यामुळे प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर, तर दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली जाते, आणि हा क्रम सबंध फेरीत एकाच दिशेने चालतो. नवशिका एखादी पाकळी दोन्हीकडून वर ठेवतो आणि फुलाचा पीळच मोडतो. मोठी माणसेही येथे हटकून फसतात, कारण ती पाहण्याऐवजी आठवून काढतात.

बुडाशी तीन दातेरी हिरव्या पानांचा वेढा असतो, तो काढून देठ व एखादे पान जोडावे आणि मगच आधाररेषा पुसाव्यात.

रंगाचे काम दुपारपूर्वी उरकावे. अमेरिकन जातीच्या कपाशीचे फूल सकाळी दुधी-पिवळसर असते, संध्याकाळकडे त्यावर गुलाबी झाक येऊ लागते आणि दुसऱ्या दिवशी ते लालसर होऊन मिटते. देशी कपाशीचे पिवळे असून बहुधा आत बुडाशी गडद तांबडा डाग असतो. तेव्हा कागदाची उजवी बाजू कोरी ठेवावी. दुसऱ्या दिवशी तेथे तेच मिटलेले फूल काढावे, आणि शेत जवळ असल्यास झाडावर राखलेल्या दुसऱ्या फुलाची पाकळी गळून हिरवे बोंड धरले, की तेही शेजारी काढावे.