नाइलाज कुठं संपतो?

साउथहॅम्प्टन विद्यापीठात शिकत असाल, तर हायफिल्ड कॅम्पसवरची हार्टली लायब्ररी तुम्हाला माहीत असणारच. पार्क्स लायब्ररी तिथंच आहे. जेम्स पार्क्स हे अँग्लिकन पाद्री. ख्रिस्ती युरोपात ज्यूंचा छळ का झाला, हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. त्यांचा ग्रंथसंग्रह १९६४ मध्ये विद्यापीठाकडे आला. त्या छळाच्या इतिहासात एक प्रश्न सतत समोर येतो: जीव वाचवण्यासाठी माणसानं नको ते केलं, तर त्याला दोष द्यायचा का?

इंग्लंडमध्ये हा प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता. ३ सप्टेंबर ११८९ रोजी राजा रिचर्डचा राज्याभिषेक झाला आणि त्याच दिवशी लंडनमध्ये ज्यूंवर हल्ले झाले. यॉर्कच्या बेनेडिक्टनं जीव वाचवायला बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्या दिवशी राजानं विचारल्यावर त्यानं सांगून टाकलं, मी ज्यूच आहे. पुढच्या मार्चमध्ये यॉर्कमध्येच सुमारे १५० ज्यू किल्ल्याच्या बुरुजात अडकले. बाहेर जमाव होता. अनेकांनी बाप्तिस्म्यापेक्षा मरण पत्करलं, आपल्या बायकामुलांसकट. बेनेडिक्ट वाकला, ते वाकले नाहीत. मग चुकलं कोण?

याच काळात मायमोनिडीस या ज्यू तत्त्वज्ञानं या प्रश्नावर विचार केला होता, तोही स्वतः झळ सोसून. तो लहान असताना, ११४८ मध्ये, अल्मोहाद सत्तेनं त्याचं कॉर्डोबा शहर घेतलं. भटकत भटकत कुटुंब मोरोक्कोतल्या फेझला पोहोचलं. तिथं अनेक ज्यू वरवर मुसलमान होऊन जगत होते. एका रब्बीनं निवाडा दिला की, ज्यानं तोंडानं कलमा म्हटला तो ज्यू उरलाच नाही, त्याची प्रार्थनासुद्धा वाया. त्यावर ११६० च्या दशकात मायमोनिडीसनं उत्तरादाखल पत्र लिहिलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

पत्राचा रोख असा. या छळात फक्त शब्द मागितले जातात, कृती नाही. हे लोक मनापासून बोलत नाहीत, हे मागणाऱ्यालाही कळतं. तेव्हा शब्द बोला आणि जगा. जो मेला त्याचा मान मोठाच, पण जो जगला त्याला हाकलू नका. चोरून केलेली प्रार्थनाही प्रार्थनाच असते.

म्हणजे नाइलाज असला की सगळं माफ? नाही. ज्यू परंपरेत तीन गोष्टी जीव वाचवायलाही करायच्या नाहीत: मूर्तिपूजा, निषिद्ध शरीरसंबंध आणि खून. कारण खुनात तर तुमचा जीव समोरच्यापेक्षा मोलाचा, हे तुम्हीच ठरवून टाकता. पण पुढे 'मिश्ने तोरा' या कायदाग्रंथात मायमोनिडीस आणखी एक बारीक फरक करतो. मरायला हवं होतं तिथंही एखादा बळजबरीपुढं वाकला, तर त्याचं कृत्य चूकच, पण त्याला शिक्षा नाही. कृत्याचा निवाडा वेगळा, माणसाचा वेगळा.

मात्र एक अट आहे. निसटायची वाट असूनही जो तिथंच राहतो, त्याला नाइलाजाची सबब नाही. घरदार सोडा आणि निघा, मसीहा येईल म्हणून वाट बघत बसू नका, असं तो बजावतो. तो स्वतःही ११६५ च्या सुमारास फेझ सोडून निघाला.

आपल्याकडे याला आपद्धर्म म्हणतात. छांदोग्य उपनिषदात उषस्ती चाक्रायणाची गोष्ट आहे. पिकं बुडालेली, हा उपाशी. एका माणसाकडून तो उष्ट्या घुगऱ्या मागून खातो. तो माणूस पाणीही देऊ करतो, तेव्हा मात्र उष्टं पाणी नको म्हणतो. का? घुगऱ्यांशिवाय जीव गेला असता, पाणी तर कुठंही मिळेल. मायमोनिडीसची अट आणि उषस्तीचा नकार एकच गोष्ट सांगतात: नाइलाज जिथं संपतो, तिथं सूटही संपते.

आता तुमच्या आसपास बघा. शेत गहाण टाकून इथं शिकायला आलेला एखादा मित्र व्हिसाच्या आठवड्याला २० तासांच्या मर्यादेपेक्षा जास्त काम करतो, रोखीत, निम्म्या मजुरीवर. त्याच्या गळ्यावर तलवार नाही, तेव्हा मायमोनिडीसची सूट त्याला जशीच्या तशी लागू होणार नाही. पण प्रश्न तेच विचारता येतात. दडपण नेमकं किती होतं? या कृतीचा भार दुसऱ्या कुणावर पडला का? आणि बाहेर पडायची वाट आहे का?

हा तिसरा प्रश्न फक्त त्याच्यासाठी नाही. विद्यापीठाचा अडचण-निधी, विद्यार्थी संघाचा मोफत सल्ला किंवा घरी खरं सांगायला सोबत, यातलं काहीच त्याला माहीत नसेल, तर त्याच्यापुरती वाट बंदच आहे. 'असं करायला नको होतं' हे सांगणं सोपं असतं. त्याआधी ती वाट दाखवायला जा.